घरधनिणीची पत

पत हा शब्द मराठीत दोन ठिकाणी चालतो. गावात माणसाची पत असते आणि पेढीवरही माणसाची पत असते. पहिली राखण्याचे काम बहुतेक घरांत बाई करते. वाण्याची उधारी कोणत्या तारखेला फिटायची, कोणाचे उसने कधी परत करायचे, लग्नकार्यात कोणाला काय द्यायचे, हा सारा हिशेब तिच्या डोक्यात असतो. दुसरी पत मात्र ज्याच्या नावाने पगार निघतो त्याची. या दोन पतींची गाठ कशी पडली, किंवा पडता पडता कशी राहून गेली, हे आम्ही एका साध्या व्यवहाराच्या अंगाने पाहणार आहोत. स्वतःची मिळकत नसलेल्या बायकोच्या नावाने मोटार हप्त्यांवर मिळते काय, पूर्वी का मिळत नसे, आणि जे काही मिळू लागले ते कोणी भांडून मिळवून दिले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने मोटारीवर कशाला बोलावे, असे कोणी विचारील. आमची हयात पगार, महागाई भत्ता आणि बोनस यांच्या हिशेबात गेली हे खरे. पण पगार कारखान्याच्या दारात मिळतो आणि खर्च होतो घरात, आणि त्या घरातल्या कामाचा हिशेब आम्ही युनियनवाल्यांनी कधी मालकापुढे मांडला नाही. मोटारीचे उदाहरण घेण्याचे कारण असे की ती रोखीने घेणे सामान्य कुटुंबाला जमत नाही, आणि ती कोणाच्या नावावर आहे हे सरकारी नोंदवहीत लिहावे लागते. पातेले नवऱ्याचे की बायकोचे हे कोणी विचारत नाही. मोटारीचे विचारावेच लागते.

या प्रश्नाचे मूळ इंग्रजी कायद्यात आहे. विल्यम ब्लॅकस्टन या पंडिताने १७६५ पासून इंग्लंडच्या कायद्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात नवरा-बायको कायद्याने एकच व्यक्ती होत, असे सांगितले आहे. ऐकायला हे गोड वाटते. व्यवहारात ती एक व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोची जंगम मालमत्ता त्याची, तिने कमावलेले पैसे त्याचे, आणि तिने स्वतःच्या नावाने केलेला करार फुकट. पण एवढ्यावर संसार चालेना. नवरा कामावर, बाजारहाट बायकोकडे, आणि दुकानदार तर उधारीवर माल देणारा. तेव्हा न्यायाधीशांनी तोड काढली की संसाराला आवश्यक अशा वस्तूंपुरती बायको नवऱ्याची मुखत्यार समजावी. म्हणजे तिला पत मिळाली, पण उसनी. तीही किती कच्ची होती हे १८८० साली दिसले. डेबनहॅम विरुद्ध मेलन या खटल्यात बायकोने उधारीवर घेतलेल्या कपड्यांचे बिल नवऱ्याकडून वसूल करायचे होते. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने निवाडा दिला की, माझ्या नावावर उधार घेऊ नकोस असे नवऱ्याने बायकोला बजावले असेल तर तो बांधील नाही. हे बजावणे दुकानदाराच्या कानावर गेले होते की नव्हते, याला महत्त्व नाही. उधारी देणाऱ्याने यातून काय धडा घ्यायचा तो घेतला: बाईला विचारू नये, तिच्या नवऱ्याला विचारावे.

विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे इंग्लंडात १८७० आणि १८८२ साली झाले. बायकोला स्वतःची मालमत्ता बाळगता येऊ लागली, त्या मालमत्तेपुरता करार करता येऊ लागला. मोठी गोष्ट खरीच. पण ज्या बाईजवळ वडिलांची इस्टेट नाही आणि गिरणीतली मजुरीही नाही, तिला या कायद्याने काय दिले? रिकाम्या पेटीला कुलूप दिले. आपल्याकडे १८७४ साली याच नावाचा कायदा आला. त्यातले नवऱ्याने बायकोच्या नावे उतरविलेल्या विम्याचे कलम हिंदूंना निःसंशय लागू व्हायला १९२३ साल उजाडले. आपल्याकडे स्त्रीधन होते आणि त्याचा आपण अभिमान बाळगतो, तो रास्तही आहे. पण याच धर्मशास्त्राने दुष्काळ, आजार, धर्मकार्य आणि अटक अशा प्रसंगी नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन परत करण्याची सक्ती त्याच्यावर ठेवली नव्हती. गरिबाच्या घरी यांपैकी एखादा प्रसंग दर वर्षी असतोच.

आता कोणी म्हणेल की नवरा दरमहा घरखर्चाला पैसे देतो, तीच बायकोची मिळकत धरावी. इंग्रज न्यायाधीशांना हेही मान्य नव्हते. १९१९ सालचा बाल्फर खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. नवरा सिलोनात सरकारी नोकरीवर, बायको प्रकृतीमुळे इंग्लंडात राहिलेली. दरमहा तीस पौंड पाठवीन असे त्याने कबूल केले होते. पुढे बेबनाव झाला आणि बाई कोर्टात गेली. अपील कोर्टाने सांगितले की नवरा-बायकोंमधला असा शब्द हा कायद्याने बजावण्याजोगा करार नव्हेच. ज्या रकमेवर बाईचाच हक्क नाही, त्या रकमेच्या भरवशावर सावकार हप्ते कसे बांधून देणार?

याहून विलक्षण प्रकरण १९४३ सालचे. ब्लॅकवेल नावाच्या खटल्यात बायकोने घरखर्चातून काटकसर करून एकशे तीन पौंड दहा शिलिंग साठविले होते. पैसे ठेवले होते सहकारी संस्थेत, बाईच्याच नावावर. दोघे विभक्त झाल्यावर नवऱ्याने त्यावर हक्क सांगितला आणि अपील कोर्टाने तो मान्य केला. कारण काय? मूळ पैसा नवऱ्याचा, म्हणून उरलेलाही त्याचा. एका न्यायमूर्तींना तर अशी भीती वाटली की शिल्लक बायकोची धरली, तर बायका नवऱ्याला ताज्या मांसाऐवजी डब्यातले मांस खाऊ घालून पैसे मागे टाकतील! महायुद्धाच्या ऐन रेशनिंगमध्ये, जेव्हा प्रत्येक घरची बाई कुपनांचा जमाखर्च जुळवीत होती, तेव्हाचा हा निवाडा आहे. या काटकसरीला आम्ही श्रम म्हणतो. गिरणीत सूत वाया न घालवणाऱ्या कामगाराला मालक निदान शाबासकी तरी देतो.

हा निवाडा पुसायला एकवीस वर्षे लागली. मजूर पक्षाच्या एडिथ समरस्किल या बाईंनी, त्या पेशाने डॉक्टर, विवाहित स्त्रियांची बाजू लावून धरली आणि १९६४ साली कायदा करून घेतला: घरखर्चातून उरलेली रक्कम आणि तिच्यातून घेतलेली वस्तू, दुसरे काही ठरले नसेल तर, दोघांची निम्मी निम्मी. निम्मीच का, पुरती का नाही, हा वाद आम्ही येथे उकरत नाही.

आता हप्त्यांकडे वळू. इंग्लंडात ज्याला भाडेखरेदी म्हणतात त्या पद्धतीची कायदेशीर घडण एका पियानोवरून झाली. महिना साडेदहा शिलिंग, असे छत्तीस महिने, या बोलीवर एकाने पियानो घरी नेला आणि हप्ते चालू असताना तो गहाण टाकला. १८९५ साली लॉर्ड्‌सनी ठरविले की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत हा मनुष्य भाडेकरू. पियानो मालकाचा, सबब गहाणदाराने तो परत करावा. सावकाराला याहून गोड निवाडा कोणता? पस्तीस हप्ते दिले तरी वस्तू त्याचीच. शिलाईयंत्रे, खाटा, कपाटे आणि पुढे मोटारीही याच युक्तीवर विकल्या गेल्या.

अमेरिकेत मोटारीच्या धंद्याने स्वतःच सावकारी सुरू केली. जनरल मोटर्सने १९१९ साली आपली कर्जकंपनी काढली. हेन्री फोर्डला उधारीचे वावडे. त्याने १९२३ साली उलटी योजना आणली. आठवड्याला पाच डॉलर भरत जा, पुरती किंमत जमली की गाडी ने. गिऱ्हाइकाला गाडी आज हवी होती. १९२५ च्या सुमारास तिकडे खपणाऱ्या दर चार मोटारींपैकी तीनेक हप्त्यांवर जात होत्या. जाहिरातींत गाडी चालविणारी बाई दिसू लागली. करारावर सही मात्र नवऱ्याची.

इंग्लंडातल्या हप्तेवाल्यांना वेसण घालणारी बाई आमच्या पंथातली, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द अधिक बोलल्यावाचून राहवत नाही. एलन विल्किन्सन ही मँचेस्टरच्या कामगार घरात १८९१ साली जन्मली. दुकानातल्या नोकरांच्या आणि सहकारी कामगारांच्या युनियनची ती संघटक. १९३५ साली जॅरो या गावातून ती पार्लमेंटात गेली, आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या बेकारांचा लंडनवर जो मोर्चा निघाला त्यात ती चालली. हप्त्यांवर सामान घेणाऱ्या गरीब घरांत काय घडते हे तिला ठाऊक होते. फेरीवाला विक्रेता नवरा कामावर गेल्यावर दार वाजवी, बाईला माल दाखवी, कागदावर सही घेई. हप्ते बहुतेक फिटत आले असताना एखादा चुकला की कंपनीची माणसे येऊन सामान उचलून नेत, आणि तेच पुन्हा दुसऱ्याला विकीत. या उचलेगिरीला लोकांनी 'हिसकावणी' अशा अर्थाचे नावच पाडले होते. म्हणजे पाहा, मोठ्या कर्जाला बाईची सही चालत नसे, पण फसवणुकीला तीच सही उत्तम चालत असे.

विल्किन्सनबाईंनी खाजगी विधेयक आणून १९३८ चा भाडेखरेदी कायदा मंजूर करून घेतला. रोखीची किंमत आधी सांगितली पाहिजे. कराराची प्रत दिली पाहिजे. एक तृतीयांश रक्कम भरली गेली असेल तर कोर्टाच्या हुकुमावाचून वस्तू उचलता येणार नाही. सामान्य वस्तूंना मर्यादा शंभर पौंडांची ठेवली होती, मोटारीला मात्र पन्नासच पौंडांची, त्यामुळे नव्या गाड्या कायद्याच्या बाहेरच राहिल्या. १९५४ आणि १९६४ साली ती मर्यादा वाढली. १९६४ च्या कायद्याने दारात केलेल्या सहीचा फेरविचार करायला चार दिवसांची सवड दिली. आपल्या देशाची गोष्ट सांगायची तर, भाडेखरेदीचा कायदा आपल्या संसदेने १९७२ साली केला, तो अमलात कधी आणलाच नाही आणि २००५ साली रद्द केला. तेहेतीस वर्षे तो कपाटात होता. आमच्या रिक्षावाल्या आणि ट्रकवाल्या बांधवांच्या गाड्या त्या काळात रस्त्यावरून कशा उचलल्या जात, हे या सभागृहातल्या अनेकांनी पाहिले असेल.

बायकोच्या पतीचा खरा निकाल अमेरिकेत लागला, तोही अर्धाच. १९७२ साली तिथल्या ग्राहक-कर्ज आयोगापुढे स्त्रियांच्या साक्षी झाल्या. कमावत्या मुलीचे लग्न झाले की दुकाने तिचे खाते बंद करून नवऱ्याच्या नावाने नवा अर्ज मागत. विवाहितेला तिच्या नावाने कर्ज देत नसत. घराचे कर्ज देताना बायकोचा पगार पुरा धरीत नसत. काही ठिकाणी तर मूल होणार नाही अशी डॉक्टरची चिठ्ठी मागत. विधवेची आणि घटस्फोटितेची गत सर्वांत वाईट. वीस वर्षे वेळेवर हप्ते गेले, पण ते नवऱ्याच्या नावावर नोंदलेले. तो गेल्यावर बाई सावकाराच्या वहीत कोरी.

१९७४ साली समान कर्जसंधीच्या कायद्याचा मसुदा समितीपुढे आला, तेव्हा लिंडी बॉग्ज नावाच्या सभासद तिथे होत्या. त्यांचे पती, तेही लोकप्रतिनिधी, १९७२ साली अलास्कात विमानासह बेपत्ता झाले होते. मसुद्यात भेदाची काही कारणे निषिद्ध होती, त्यांत स्त्रीत्वाचा उल्लेख नव्हता. बाईंनी आपल्या हाताने 'लिंग आणि वैवाहिक स्थिती' हे शब्द घातले, प्रती काढल्या आणि हे राहून गेले असावे अशा गोड शब्दांत सभासदांपुढे ठेवले. कोणाला नाही म्हणता आले नाही. २८ ऑक्टोबर १९७४ ला कायद्यावर सही झाली, वर्षाने तो लागू झाला. पोटगी आणि अर्धवेळ कामाचा पैसा मिळकत म्हणून धरावा लागू लागला. आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो १ जून १९७७ पासूनचा नियम: नवरा-बायको दोघे ज्या खात्याला जबाबदार आहेत किंवा जे दोघे वापरतात, त्याची फेड दोघांच्याही नावे नोंदवायची. घरची पत आणि पेढीची पत यांची पहिली गाठ ती येथे. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने असाच भेद बेकायदा केला.

पण अर्धाच निकाल असे आम्ही का म्हटले? कायदा सावकाराला म्हणतो, तू बाई आहेस की पुरुष हे पाहू नकोस. मिळकत किती हे मात्र तो विचारू शकतो. आणि गृहिणीकडे त्याचेच उत्तर नाही. २००९ साली अमेरिकेत पतकार्डांचा नवा कायदा झाला, फेडण्याची ऐपत पाहूनच कार्ड द्यावे असा. हेतू चांगला, कारण तरुण विद्यार्थ्यांना कार्डे वाटून कर्जात बुडविण्याचा धंदा चालला होता. पण २०११ पासून नियमात 'स्वतंत्र ऐपत' असा शब्द आला, आणि घरी मुले सांभाळणारी बाई पुन्हा १९७२ सालात जाऊन बसली. स्त्रियांनी ओरड केली, अर्ज गेले, आणि २०१३ साली नियम बदलला: अर्जदाराचे वय एकवीस किंवा अधिक असेल तर, जी मिळकत तिच्या हाती येण्याची रास्त अपेक्षा आहे, ती जोडीदाराची असली तरी, धरता येईल. हे पतकार्डांपुरते झाले. मोटारीच्या कर्जाला तो नियम लागू नाही. तेथे आजही संयुक्त अर्ज किंवा जामीनदार हाच मार्ग.

आणि जामिनकीची बाजू उलट फिरली की काय होते तेही पाहावे. नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जाला बायकोची सही बँकांना नेहमीच हवी असते, कारण राहते घर दोघांचे असते. ब्रिटनमध्ये १९९३ साली लॉर्ड्‌सपुढे आलेल्या ओब्रायन खटल्यात बायकोला नवऱ्याने सांगितले होते की साठ हजार पौंडांचा, तीन आठवड्यांपुरता मामला आहे. प्रत्यक्षात एक लाख पस्तीस हजारांची सोय त्या सहीवर उभी होती. बँकेने तिला काही समजावून सांगितले नव्हते. ती सही तिच्यावर बंधनकारक ठरली नाही, आणि २००१ साली बँकांसाठी बाईला स्वतंत्र वकिली सल्ला मिळाला की नाही हे पाहण्याची शिस्त घालून दिली गेली. घ्यायला बाईची पत नाही, बुडायला मात्र आहे, असा हा व्यवहार होता.

आपल्याकडे कायद्याआधी संघटनेने वाट काढली याचा आम्हांला अभिमान आहे. अहमदाबादच्या मजूर महाजनातून निघालेल्या 'सेवा'च्या स्त्रियांनी इला भट्ट यांच्याबरोबर १९७४ साली स्वतःची सहकारी बँक काढली. चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घातले. सही येत नाही म्हणून बँका त्यांना दारात उभ्या करीत नसत. या बँकेने फोटोवरून ओळख पटविली. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजाखाली पिचत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार त्यांना उघडून दिले. गहाण काय होते? एकमेकींचा शब्द. या बायका तर कमावत्या होत्या, तरी जनगणनेवाला विचारी तेव्हा त्यांतल्या कित्येक 'घरीच असते' असे सांगत.

गृहिणीच्या कामाला रुपयांत किंमत लावायची वेळ आपल्या कोर्टांवर आली ती वेगळ्याच प्रसंगाने. जमशेदपूरला ३ मार्च १९८९ रोजी एका समारंभात आग लागून अनेक माणसे गेली, त्यांत गृहिणी होत्या. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या घरकामाचे मोल दरमहा तीन हजार रुपये धरले. मोटार अपघाताच्या भरपाईसाठी १९९४ साली कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात बिनमिळकतीच्या जोडीदाराची मिळकत कमावत्याच्या एक तृतीयांश धरली होती. २०१० च्या एका निकालात न्यायालयाने यावर कोरडे ओढले. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक रकान्यात टाकल्याचेही त्यात सुनावले. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात तर २०१९ च्या सरकारी पाहणीचे आकडेच दिले आहेत: बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते, पुरुष ९७.

म्हणजे आजची स्थिती अशी की गृहिणी मोटारीखाली सापडून मेली तर तिची मिळकत मोजतात. ती जिवंतपणी मोटारीसाठी अर्ज करायला गेली तर मिळकतीच्या रकान्यात शून्य लिहितात. आम्ही एका कामगार पतपेढीच्या कमिटीवर बसलो आहोत. तिथे एका सभासदाने बायकोच्या नावाने गाडी घ्यायचे म्हटले, तेव्हा एक जुने सभासद म्हणाले, "वहिनींचा पगार किती?" सभासद म्हणाला, "दादा, माझा पगार महिनाअखेरपर्यंत पुरतो तो तिच्यामुळेच. तो तिचा धरा." हसणे झाले, आणि अर्ज त्याच्याच नावाने गेला.

तेव्हा ज्यांना हा व्यवहार करायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. बायकोला गाडीची मालकीण करायचे असेल तर कर्जाच्या अर्जावर ती मुख्य अर्जदार आणि कमावता नवरा सहअर्जदार, असे बँकेला विचारून पाहावे. नुसता जामीनदार आणि सहअर्जदार यांत फरक काय तो लेखी मागावा. सहअर्जदार झालेल्या दोघांवरही कर्ज पुरतेच्या पुरते असते, निम्मे निम्मे नव्हे, हे बाईने सहीआधी ऐकून घ्यावे. हप्ता तिच्या खात्यातून जाईल असे करावे, मग पैसा कोणाचाही असो. फेडीची नोंद तिच्या नावे राहते. नोंदणीपत्रावर तिचे नाव चढले तरी मोटारवाहन कायद्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणे सावकाराचा बोजा त्याच पत्रावर लिहिला जातो. शेवटचा हप्ता फिटल्यावर बँकेची ना-हरकत चिठ्ठी आणि नमुना ३५ परिवहन कचेरीत देईपर्यंत तो बोजा आपोआप उतरत नाही. त्या अर्जावर सही मालकिणीचीच लागते, नवऱ्याची चालत नाही.